जिन्याखालची संशयित भेग

सरांचं डोकं आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. खडकीहून ते स्कूटरवर येत तेव्हा डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट असे. साइटच्या फाटकाशी स्कूटर लावली, की एका हाताने ते वर जाई आणि दुसऱ्या हाताने साइटचं पिवळं खाली येई. मी बोलते कमी आणि बघते जास्त, पण तो मधला क्षण मलाही कधी पकडता आला नाही. मग दिवसभर पिवळं. जेवताना पिवळं, फोनवर बोलताना पिवळं. आमचं ऑफिस म्हणजे साइटवरची पत्र्याची शेड आणि तिच्यात एक पंखा. एकदा मी धीर करून म्हटलं, "सर, इथे आत तरी काढा ना."

"वर काय आहे?"

"पंखा."

"तो तुमचा नातेवाईक आहे का?"

मी नाही म्हटलं.

"मग त्याच्यावर इतका विश्वास कशासाठी?"

मी तेव्हा कायद्याची पदवी घेऊन नुकतीच बाहेर पडले होते आणि एका बांधकाम ठेकेदाराकडे नोकरीला लागले होते. त्यांना सगळे दादा म्हणत. येरवड्याच्या एका जुन्या वसाहतीत एक बंगला पाडून तिथे दादा इमारत उभी करत होते. येरवड्यात नोकरी लागली असं सांगितलं की प्रत्येक जण "आत की बाहेर?" असं विचारायचा आणि आपल्यालाच हे पहिल्यांदा सुचलं अशा आनंदाने हसायचा. मी सरांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, "ठेकेदाराच्या धंद्यात तो प्रश्न रोज सकाळी उठून विचारायचा असतो."

सर दादांचे कायदा आणि जोखीम सल्लागार होते, म्हणजे माझे वरिष्ठ. त्याआधी सगळी नोकरी त्यांनी दारूगोळ्याच्या कारखान्यात सुरक्षा खात्यात केली होती. तिथल्या आठवणी ते सांगत नसत. फक्त निवृत्तीच्या वेळी आपण केलेलं भाषण त्यांनी मला एकदा पूर्ण ऐकवलं होतं. ते असं: "माझ्या पाळीत काही उडालं नाही. धन्यवाद."

पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं नाही. समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले, "बसण्याआधी सांगा. या खुर्चीवरून काय काय होऊ शकतं?"

माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं. प्रश्न कळला नाही की मी सॉरी म्हणते. तसं म्हटलं.

सरांच्या चेहऱ्यावर कुणीतरी काडी ओढल्यासारखे भाव आले. "काय म्हणालात?"

"सॉरी."

"कशाबद्दल?"

"असंच."

"असंच!" ते उठून उभे राहिले. "वकीलबाई, या साइटवर तो शब्द चालत नाही. सॉरी म्हणजे कबुली. आज खुर्चीला म्हणाल, उद्या न्यायाधीशासमोर म्हणाल. काही घडलं की फक्त एक वाक्य म्हणायचं, 'नोंद घेतली.' म्हणा."

"नोंद घेतली."

"छान. आता खुर्ची."

खुर्ची मोडू शकते, घसरू शकते, एवढं मी सांगितलं. त्यांनी उरलेलं सांगितलं. खिळ्यात ओढणी अडकू शकते. खाली विंचू असू शकतो. कुणी मागे ओढू शकतं. "आणि सगळ्यात मोठा धोका," ते म्हणाले, "माणूस तिच्यात रमतो." त्यानंतर मी बसले ती कडेवर.

मला सॉरी म्हणायची सवय किती आहे हे त्या आठवड्यात कळलं. मी दाराला सॉरी म्हणते. लिफ्टमध्ये आरशातल्या बाईला म्हणते. प्रत्येक वेळी सर शेडच्या दुसऱ्या टोकावरून नुसता घसा खाकरत. स्वतः ते नियमाला पक्के होते. एकदा महापालिकेच्या जिन्यावर त्यांचा जाड बूट एका गृहस्थांच्या चपलेवर पडला. गृहस्थ कळवळले. सर त्यांच्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "आपला पाय माझ्या बुटाखाली आल्याची नोंद घेतली." ते गृहस्थही अस्सल पुण्याचे. "उचलताय, की त्याचीही आधी नोंद घेणार?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा बूट उचलला गेला.

काम मात्र त्यांनी मला खूप शिकवलं. कंत्राट शेवटच्या पानापासून वाचायचं, कारण "पहिल्या पानावर सगळेच गोड बोलतात". आकडा अक्षरांतही लिहायचा. तो मराठीत वाचताना मी एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत हमखास अडायचे, तर मी अडले म्हणून ते चिडत नसत, उलट खूश होत: "बघा, एवढा मोठा धोका आपल्या शेडमध्येच बसलाय." काम लांबलं तर ठेकेदाराला दंड होऊ नये म्हणून करारात दैवी आपत्तींचं कलम असतं. पूर, भूकंप, दंगल वगैरे. सरांच्या कलमात त्यापुढे 'मुकादमाच्या घरचे लग्न' असं असे. समोरच्या वकिलांनी ते खोडलं तर सर विचारत, "भूकंप किती दिवस चालतो? आणि लग्न?"

माझ्या वाढदिवसाला त्यांनी मला पेढा दिला आणि म्हणाले, "अनेक शुभेच्छा. अर्थात, त्या फळतीलच अशी हमी मी देत नाही."

साइटवर कडुनिंबाचं एक झाड होतं. त्याखाली सरांनी हिरवी पाटी लावली होती: 'जमायची जागा'. दर सोमवारी ते शिट्टी वाजवत. शिट्टी झाली की हातातलं काम टाकून सगळ्यांनी त्या झाडाखाली यायचं असा सराव होता. मी जायचे. एक कुत्रं यायचं. चहावाल्या मावशी लांबून हात हलवायच्या. बाकी कुणी मान वर करत नसे. सर तरीही मोजणी करत आणि कुत्र्याला "हजर" म्हणत.

आता काचेचं सांगते.

खोल पाया खणायचा तर शेजारच्या घरांना हादरे बसतात. नंतर शेजारी म्हणतात, ही भेग तुमच्यामुळे पडली. ठेकेदार म्हणतो, ती आधीपासून होती. हे भांडण कोर्टात वर्षानुवर्षं चालू शकतं. म्हणून खणण्याआधी शेजारच्या घरातल्या सगळ्या भेगा बघून, फोटो काढून ठेवायच्या असतात. सर याच्या पुढे जात. ते प्रत्येक भेगेवर प्रयोगशाळेतल्या काचेची पातळ पट्टी सिमेंटने चिकटवत. भिंत केसभर हलली तरी काच तडकते. काच तडकली की खोदाई बंद. हा नियम त्यांनी स्वतः करारात घातला होता. आणि काच चिकटवणं ही त्यांच्या आयुष्यातली एकमेव कला होती. पट्टी लावून झाली की ते दोन पावलं मागे जाऊन मान तिरकी करून बघत. चित्रकार बघतात तसं.

आमच्या साइटला लागून एक जुनं दुमजली घर होतं. तिथे एक निवृत्त जोडपं राहायचं. काका मंत्रालयातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, उंच, पांढऱ्याशुभ्र बंडीतही सूट घातल्यासारखे दिसणारे. काकू सरकारी रुग्णालयात नर्स होत्या आणि वसाहतीत सगळे त्यांना अजून सिस्टरच म्हणत. घर सिस्टरांच्या नावावर होतं. ते कुणी न सांगताही कळायचं. हॉलमध्ये बुद्धाची शांत मूर्ती, तिच्या शेजारी साखर मोजायचं यंत्र. काकांना मधुमेह होता आणि घरात गोडाचा कण येत नव्हता.

आम्ही भेगा बघायला गेलो त्या दुपारी सिस्टर बाहेर गेल्या होत्या. धर्मार्थ दवाखान्यात त्या दुपारी रुग्णांना तपासायला मदत करत. काकांनी आम्हाला घर दाखवलं. सर भेगांना स्वभावावरून नावं देत. देवळीपाशी एक 'म्हातारी', स्वयंपाकघरात दोन 'निरुपद्रवी'. शेवटी ते टॉर्च घेऊन जिन्याखाली वाकले. तिथे जुनं शिवणयंत्र होतं, अंधार होता. आतून आवाज आला, "वकीलबाई! उभी आहे. सरळ आहे. इतकी सरळ भेग मी जन्मात पाहिली नाही. लिहा, संशयित."

"अहो, ती काही—" काका पुढे झाले.

"काय?"

"या सगळ्याची प्रत कुणाला जाणार?" काकांनी विचारलं.

"घर ज्यांच्या नावावर आहे त्यांना."

काका थांबले. "मग लावा काच," ते म्हणाले. माणूस दात काढून घ्यायला तोंड उघडतो तशा आवाजात.

खोदाई सुरू झाली. पहिल्याच दिवशी संध्याकाळी संशयित भेगेवरची काच मधोमध तुटलेली मिळाली. बाकीच्या सगळ्या अखंड. सरांनी खोदाई थांबवली, नवी काच लावली. दुसऱ्या सकाळी काच ठीक. संध्याकाळी तुटलेली. खणायचं पोकलेन बंद असताना!

"दुपारीच हलते," सर म्हणाले. "उन्हाने भिंत फुगते." त्यांनी भिंतीवर बाहेरून ओली पोती टाकली. काच तुटली. मग त्यांना वाटलं गल्लीतल्या रिक्षांचे हादरे. रिक्षावाल्यांना त्यांनी दुपारी हळू चालवायची विनंती केली. "साहेब, हळू कसली, इथे दुपारी सवारीच नसते," असं उत्तर आलं. काच तुटली. सल्लागार इंजिनियर आले, भिंतीला कान लावून गेले. काच तुटली.

काका रोज आम्हाला बिनसाखरेचा चहा देत आणि रोज विचारत, "तुमची जेवणाची सुट्टी कधी असते म्हणालात?"

दादा शुक्रवारी साइटवर आले. ते वाघोलीकडचे. पोकलेन उभं, मुकादम झोपलेला, आणि सर भिंतीला थर्मामीटर लावून बसलेले.

"काय चाललंय हे? भिंत हाय का पेशंट हाय?"

"दादा, भिंत हलते आहे. खणलं आणि घर आलं खाली, तर जबाबदारी आपली."

"घर चाळीस वरसं उभं हाय! तुमच्या काचंपायी माझं काम पडलंय. उद्याच्या शनिवारी दुपारी मी येतो. भिंत का हलती ते सांगा. नाहीतर..." दादांनी इकडेतिकडे पाहिलं. सरांना काढून टाकणं त्यांनाही जड जात असावं. "नाहीतर ते हेल्मेट जमा करा."

 जेवणाचा डबा सरांनी त्या दिवशी उघडला नाही. मुलगी लग्न होऊन नाशिकला होती, घरी त्यांची वाट बघणारं कुणी नव्हतं, हे मला माहीत होतं. डबाही ते स्वतःच भरत, आणि झाकणावर 'गरम' असं लिहीत.

मला मात्र गेले दोन दिवस एक गोष्ट सांगायची होती. वरिष्ठांना तुमचं चुकतंय असं सांगायचं वाक्य मला सॉरीशिवाय सुरू करता येत नाही. शनिवारी दुपारी, आम्ही दोघं जिन्याखाली वाकून बसलो असताना, मी फक्त एवढंच म्हणाले, "सर, या भेगेला आंब्याचा वास येतो."

"भेगेला वास नसतो."

"मुंग्याही आहेत."

सरांनी टॉर्च फिरवला. मुंग्यांची एक शिस्तबद्ध रांग शिवणयंत्रावरून चढून भेगेत जात होती आणि दुसरी, जरा लठ्ठ वाटणारी, बाहेर येत होती.

"मुंग्या सिमेंट खात नाहीत," सर हळूच म्हणाले.

"नाही सर. आणि काल काकांच्या बंडीवर पिवळा कण होता."

सरांनी भेगेवर बोटाने टकटक केलं. लाकडाचा आवाज आला. मग त्यांनी खिशातली मोजायची स्टीलची पट्टी भेगेत घालून जरा ओढली. काच नेहमीसारखी मधोमध तुटली आणि भिंत उघडली. म्हणजे भिंतीतलं लहानसं कपाट उघडलं. विजेचं मीटर बाहेर हलवण्याआधी ते त्यात असायचं. मग दार बंद करून त्यावर भिंतीचाच हिरवा रंग वर्षानुवर्षं चढत गेला होता. आत एका स्टीलच्या डब्यात आंबा बर्फी होती.

"चिक्की आवाज करते," मागून शांत आवाज आला. "बर्फी करत नाही."

काका उभे होते. हातात लोणी लावायची सुरी होती. त्यांची दुपारची वेळ झाली होती.

 मग दोन अनुभवी अधिकाऱ्यांमध्ये बोलणी सुरू झाली.

"आपण माझ्या कपाटाला सील ठोकलंत," काका म्हणाले.

"आपण सील रोज फोडलंत. सात माणसं आणि एक यंत्र बसून आहे."

"मी सांगणार होतो. पण आपण प्रत घरमालकिणीला देणार होतात."

"रोज किती?"

"अर्धी वडी. रविवारी नाही. सिस्टर घरी असतात."

"ही जागा कशी निवडलीत?"

"तिचे गुडघे दुखतात. ती वाकत नाही." काकांनी हे सांगताना मान जरा खाली घातली. "तिच्या गुडघ्यांचा फायदा घेणं बरोबर नाही, कळतं मला. पण मी सबंध आयुष्य नियमाने वागलो. एक कपाट, अहो. एकच."

सरांनी मान हलवली. इतकं बारीक नियोजन त्यांनी दादांच्या कुठल्याही साइटवर पाहिलं नव्हतं. मला त्यांच्या डोळ्यांत आदर दिसला.

तेवढ्यात फाटक वाजलं. सिस्टर दवाखान्यातून लवकर परतल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर, त्यांची पिशवी हातात घेतलेले, दादा होते. सरांनी कोपराने दार ढकललं. ते भिंतीत जाऊन पुन्हा भेग झालं. काकांनी सुरी बंडीच्या खिशात घातली.

"काय चाललंय तिथे खाली तिघांचं?" सिस्टर म्हणाल्या.

"सांगा सर," दादा म्हणाले. "काय हाय भिंतीत?"

आता सरांनी फक्त खरं कारण सांगायचं होतं. एक वाक्य. त्यांची नोकरी, हेल्मेट, सगळं राहिलं असतं. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी एकदा काकांकडे पाहिलं. काका बुद्धाच्या मूर्तीकडे बघत होते. सर उभे राहिले, हात वर नेला, आणि हेल्मेट काढलं.

आत टक्कल असेल असा साइटवर सगळ्यांचा अंदाज होता. तसं नव्हतं. दाट पांढरे केस होते, मधोमध भांग, तेल लावून चापून बसवलेले. रोज सकाळी कुणीही बघणार नसताना ते हे करत होते.

"भेग नव्हतीच," सर म्हणाले. "माझ्या पाहण्यात चूक झाली. भिंत ठणठणीत आहे."

"मग काच कशी तुटायची हो?" सिस्टरांनी विचारलं. नर्सला तापाचं कारण लागतंच.

 "काच..." सर थांबले. "काच मी नीट चिकटवली नव्हती." आणि मग, अगदी स्पष्ट आवाजात, "सॉरी."

दादांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी सरांचं उघडं डोकं पाहिलं, तो शब्द ऐकला, आणि त्यांचा एकच निष्कर्ष निघाला.

"भिंत चालली!" दादा ओरडले. "सगळे बाहेर! सर सॉरी म्हणाले, बाहेर व्हा!"

त्यांनी एका हाताने सिस्टरांना आणि दुसऱ्याने मला धरलं आणि फाटकाबाहेर काढलं. "सर सॉरी म्हणाले" हे साइटवर पोचायला वेळ लागला नाही. मुकादम झोपेतून उठून पळाला. पोकलेनवाला उडी मारून उतरला. चहावाल्या मावशी किटलीसकट आल्या. गवंडी, मदतनीस, वॉचमन, कुत्रं, सगळे कडुनिंबाखाली हिरव्या पाटीपाशी येऊन ओळीत उभे राहिले. काकाही आले, एक हात बंडीच्या खिशावर ठेवून. सिस्टर मात्र "मेल्यांनो, कुठे पळताय सगळे?" म्हणत आल्या. गुडघे दुखत होते तरी पहिल्या पाचात होत्या.

सर सगळ्यात शेवटी आले, हेल्मेट काखेत. समोरचं दृश्य बघून ते फाटकातच थांबले. मग त्यांनी बोट उचलून एकेकाला मोजलं. कुणीही कमी नव्हतं.

"हजर," ते म्हणाले. आवाज जरा फाटला होता.

भिंत अर्थातच पडली नाही. दादांनी लांबून तिला वीट मारून बघितली. मग त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "सर, एक करा. हेल्मेट घाला परत. अन् तो शब्द पुन्हा नका काढू. काळजाला सोसत नाही." नोकरीचा विषय त्यानंतर निघाला नाही. सोमवारी खोदाई सुरू झाली. जिन्याखाली आता काच नव्हती.

सोमवारी मी सरांना विचारलंच. "सर, शनिवारी तुम्ही कबुली दिलीत. काच तर तुम्ही किती नीट चिकटवली होती."

"हक्क राखून सांगतो," सर पंख्याकडे बघत म्हणाले. "काय काय होऊ शकतं ते मोजलं. माझी नोकरी गेली असती तर मी घरी बसलो असतो. त्यांचं कपाट गेलं असतं तर त्यांनी कुठे बसायचं?"

मी काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. 

"नोंद घेतली," मी म्हणाले.

"छान."

पुढे इमारत झाली, सर मुलीकडे नाशिकला राहायला गेले. फोनवर त्यांनी मला कळवलं की मुलीच्या घरातला पंखा स्थानिक बनावटीचा आहे आणि नातेवाईकाचा असला तरी त्याच्यावर त्यांचा विश्वास नाही. त्यांचं भेगा बघायचं काम आता माझ्याकडे आहे. मी पिवळं हेल्मेट घालून लोकांच्या घरात फिरते, जिन्याखाली वाकते, टॉर्च मारते. जरा जास्तच सरळ भेग दिसली की काच लावायची घाई करत नाही. आधी बोटाने टकटक करते. लाकडाचा आवाज आला तर मागे वळून बघते, कुणी ऐकत नाही ना. आणि हळूच भेगेला सॉरी म्हणून पुढच्या खोलीत जाते.